सांगणारा कुठे उभा आहे? : इंग्रजीतल्या अप्रत्यक्ष कथनाचा आढावा

‘चेंज इन्टू इनडायरेक्ट स्पीच’ ही सूचना महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांच्या चांगल्या परिचयाची आहे. अवतरणचिन्हं काढायची, ‘दॅट’ घालायचं, ‘आय’चा ‘ही’ किंवा ‘शी’ करायचा, काळ एक पायरी मागे न्यायचा, ‘नाऊ’चं ‘देन’, ‘हिअर’चं ‘देअर’, ‘टुमॉरो’चं ‘द नेक्स्ट डे’. गाइडमध्ये याचा तक्ता असतो. तो पाठ केला की ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मधले गुण पदरात पडतात. पुढे स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही हाच तक्ता पुन्हा भेटतो. इतकं घोकूनही साधा फोनवरचा निरोप इंग्रजीत सांगायची वेळ आली की भलेभले अडखळतात. इंग्रजी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, हा अनुभव त्याच्या गाठीशी असतोच.

मुलं कच्ची आहेत म्हणून असं होत नाही. तक्त्यात उत्तरं असतात, पण मूळ प्रश्न गायब असतो. एका माणसाने एका जागी, एका वेळी, एकाला उद्देशून काही म्हटलं. आता दुसरा कुणी दुसऱ्या जागेवरून, दुसऱ्या वेळी, तिसऱ्याला ते सांगतो आहे. सर्वनामं, काळ, ‘इथे’ आणि ‘तिथे’, ‘आज’ आणि ‘त्या दिवशी’ हे सगळं या नव्या सांगणाऱ्याच्या जागेवरून ठरतं. अप्रत्यक्ष कथनाचा अख्खा धडा या एका गोष्टीवर उभा आहे, आणि आपल्या वर्गांत नेमकी तीच सांगायची राहून जाते.

एक प्रसंग घेऊ. मुलगा पुण्यात वसतिगृहात राहतो. तो क्लासला गेलाय, मोबाइल खोलीवरच राहिलाय. नागपूरहून आईचा फोन येतो आणि खोलीतला मित्र तो घेतो. मित्र केरळचा, म्हणून आई इंग्रजीत बोलते: ‘आय अ‍ॅम इन नागपूर टुडे. आय विल कम देअर टुमॉरो.’ संध्याकाळी मुलगा परतल्यावर मित्र सांगतो: ‘युअर मदर सेड शी वुड कम हिअर टुमॉरो.’ आईच्या तोंडचं ‘देअर’ मित्राच्या तोंडी ‘हिअर’ झालं, कारण आईचं ‘तिथे’ हे मित्राचं ‘इथे’ आहे. ‘टुमॉरो’ जसंच्या तसं राहिलं, कारण अजून तोच दिवस चालू आहे. त्याच संध्याकाळी तो ‘वुड कम’ऐवजी ‘विल कम’ म्हणाला असता तरीही चुकलं नसतं.

आठ दिवसांनी हाच मित्र कोचीला आपल्या घरी बसून तीच गोष्ट सांगतो, तेव्हा तो म्हणेल: ‘हिज मदर सेड शी वुड गो देअर द नेक्स्ट डे.’ आता ‘कम’चं ‘गो’ झालं, कारण पुणं त्याच्यापासूनही लांब आहे. आणि आईनेच ही हकीकत शेजारणीला सांगितली तर? ‘आय टोल्ड हिम आय वुड गो देअर द नेक्स्ट डे.’ इथे ‘आय’ बदललाच नाही, कारण बोलणारी आणि सांगणारी एकच. एका वाक्याची ही तीन रूपं, तिन्ही बरोबर. परीक्षेत मात्र पहिल्या रूपावर लाल रेघ बसण्याचीच शक्यता जास्त.

हा रूपांतराचा सराव आपल्याकडे कसा रुजला, ते पाहण्याजोगं आहे. जुन्या इंग्रजी व्याकरणांची घडण लॅटिनच्या नमुन्यावर झाली. लॅटिनमध्ये अप्रत्यक्ष कथनाची फार कडक व्यवस्था आहे. जूलियस सीझरच्या गॅलिक युद्धाच्या वृत्तांतात लांबलचक भाषणं त्याच रूपात येतात, आणि प्रत्यक्षाचं अप्रत्यक्ष करणं हा ब्रिटनमधल्या लॅटिनच्या वर्गातला नेहमीचा व्यायाम होता. पुढे हिंदुस्थानातल्या शाळांसाठी व्याकरणं लिहिणाऱ्यांनी तो इंग्रजीत आणला. त्यातले जे. सी. नेसफील्ड उत्तरेत वायव्य प्रांत आणि अवधच्या शिक्षणखात्यात होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलेलं त्यांचं व्याकरण देशभर चाललं. त्यांच्यानंतरचं नाव घराघरात पोचलं ते रेन आणि मार्टिन यांचं.

रेन-मार्टिनचं आपल्याशी जवळचं नातं आहे. पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीला होते. फ्रान्सच्या परदेशी पलटणीवरची ‘बो जेस्ट’ ही १९२४ सालची गाजलेली कादंबरी त्यांचीच. ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ हे पुस्तक मुंबईच्या माणेकजी कूपर एज्युकेशन ट्रस्टकडून निघायचं. पुढे एन. डी. व्ही. प्रसाद राव यांनी सुधारलेली त्याची आवृत्ती एस. चंद यांनी काढली आणि ती आजही विकली जाते. या पुस्तकाला सरसकट नावं ठेवणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच जागी किंवा त्याच कालावधीत सांगितलं जात असेल तर ‘हिअर’, ‘धिस’, ‘टुडे’ यांत बदल होत नाही, हे त्यात नोंदवलेलं आहे. पुस्तकातली ही ओळ गाइडांच्या तक्त्यांत उतरली नाही, आणि तिथून पुढे सगळं बिघडत गेलं.

आता काळाकडे. सांगण्याचं क्रियापद भूतकाळात असलं की आतल्या वाक्याचा काळ मागे सरकतो. याला इंग्रजी व्याकरणकार ‘बॅकशिफ्ट’ म्हणतात. वर्तमानाचा भूत होतो, ‘विल’चं ‘वुड’, ‘कॅन’चं ‘कुड’, ‘मे’चं ‘माइट’. सांगण्याचं क्रियापद ‘सेज’ किंवा ‘हॅज सेड’ असेल तर काही सरकत नाही. इथवर सगळे एकमताने बोलतात. मतभेद आहे तो ‘सरकलंच पाहिजे का’ या मुद्द्यावर. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांचं १९८५ सालचं विस्तृत व्याकरण घ्या किंवा हडलस्टन आणि पुलम यांचं २००२ सालचं केंब्रिज व्याकरण घ्या, दोन्हींचा निर्वाळा असा की सांगितलेली गोष्ट अजूनही खरी किंवा लागू असेल तर काळ मागे न नेणंही चालतं. ‘ही सेड ही लिव्ह्ज इन सातारा’ आणि ‘ही सेड ही लिव्हड इन सातारा’ ही दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत. पहिल्यात सांगणारा म्हणतो, तो अजून साताऱ्यातच राहतो. दुसऱ्यात सांगणारा त्याची हमी घेत नाही.

हमीचा हा मुद्दा लक्षात आला की शाळेतला ‘युनिव्हर्सल ट्रूथ’चा नियमही उलगडतो. गुरुजी म्हणाले की पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तर ‘मूव्ह्ज’ तसंच ठेवा, असं पुस्तक सांगतं. त्यामागचं कारण सनातन सत्यात शोधू नये, सांगणाऱ्याच्या भूमिकेत शोधावं. पृथ्वी फिरते हे सांगणाऱ्यालाही मान्य आहे, म्हणून तो वर्तमानकाळ ठेवू शकतो. ‘मूव्हड’ म्हटलं तरी व्याकरण मोडत नाही. टॉलेमीचं मत सांगायचं झालं तर मात्र ‘टॉलेमी बिलीव्हड दॅट द सन वेन्ट राउंड द अर्थ’ असंच म्हणावं लागतं. तिथे ‘गोज’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल की हाही त्याच मताचा.

साध्या भूतकाळाचा पूर्ण भूतकाळ करा, हा नियम तर फारच ताणला जातो. ‘आय वॉज बॉर्न इन कोल्हापूर’ याचं ‘ही सेड दॅट ही हॅड बीन बॉर्न इन कोल्हापूर’ करायला लावणं म्हणजे भाषेवर जबरदस्ती आहे. माणूस सांगण्याच्या आधी जन्मला, हे वेगळं दाखवायची गरजच नाही. दोन घटनांचा क्रम चुकीचा समजण्याची भीती असेल तिथे ‘हॅड’ लागतो, एरवी साधा भूतकाळ पुरतो. ‘मस्ट’ची गोष्टही तक्त्यात मावत नाही. ‘आय मस्ट गो’ यात सक्ती आहे, त्याचं ‘हॅड टू गो’ होऊ शकतं. ‘इट मस्ट बी रेनिंग देअर’ यात अंदाज आहे, तिथे ‘हॅड टू’ घातलं की वाक्याचा अर्थच जातो. ‘शॅल’चंही तसंच. ‘आय शॅल बी लेट’चं ‘ही वुड बी लेट’ होतं, पण ‘शॅल आय ओपन द विंडो?’ याचं ‘ही आस्क्ड व्हेदर ही शुड ओपन द विंडो’ होतं. पहिल्यात भविष्य आहे, दुसऱ्यात समोरच्याची इच्छा विचारलेली आहे. शब्द तोच, पण काय बदलायचं ते अर्थ ठरवतो.

मराठी मुलाला हे सगळं इतकं जड का जातं? माझ्या मते याचं उत्तर मराठीतच आहे, आणि शिकवताना ते सर्वांत आधी सांगायला हवं. मराठीत काळ मागे सरकत नाही. ‘मी दमलोय, असं तो म्हणाला’ या वाक्यात दमणं वर्तमानातच राहतं, आणि ‘मी’सुद्धा मूळ बोलणाऱ्याचाच राहतो. ‘असं’, ‘म्हणून’, ‘की’ यांपैकी एक शब्द आला की ऐकणाऱ्याला कळतं, हे दुसऱ्याचं बोलणं आहे. कोकणीतही ‘हांव येतां म्हणून ताणें सांगलें’ असंच म्हणतात. संस्कृतातला ‘इति’, कन्नडमधला ‘अंत’, तेलुगूतला ‘अनि’ हेच काम करतात. काळ न सरकवणाऱ्या भाषा जगात पुष्कळ आहेत. रशियन आणि जपानी त्यातल्याच. तेव्हा इंग्रजीची रीत हा तर्काचा नियम नव्हे, ती त्या भाषेची सवय आहे, हे मुलांना मोकळेपणाने सांगावं.

हे कळलं की नेहमीच्या चुका ओळखीच्या वाटू लागतात. ‘ही सेड दॅट आय अ‍ॅम टायर्ड’ असं जो मुलगा लिहितो, तो मराठी वाक्य इंग्रजी शब्दांत मांडत असतो. मराठीत ते निर्दोष आहे. इंग्रजीत मात्र ‘दॅट’ आल्याबरोबर ‘आय’ हा सांगणाऱ्याकडे जातो, आणि दमलेला माणूस बदलतो. ‘ही सेड मी’ ही चूक ‘मला म्हणाला’मधून येते. ‘ही आस्क्ड दॅट व्हेदर’ ही चूक ‘त्याने विचारलं की’मधून येते. ‘की’ला ‘दॅट’ हा प्रतिशब्द पक्का बसलेला असतो, त्यामुळे प्रश्नातही तो घुसतो. अशा चुकांवर नुसती फुली मारून भागत नाही. मुलाला त्याचं मराठी वाक्य आणि इंग्रजी वाक्य शेजारी शेजारी लिहून दाखवलं तर तो पुन्हा सहसा चुकत नाही.

प्रश्नार्थक वाक्यांत आणखी एक अडचण आहे. मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही. ‘तू येतोस’ला ‘का’ जोडलं की झाला प्रश्न. इंग्रजीत ‘डू’ पुढे आणायचा, कर्ता मागे न्यायचा, हे मूल दोन-तीन वर्षं खपून शिकतं. ते जेमतेम अंगवळणी पडतंय तोच अप्रत्यक्ष कथनात सांगितलं जातं की आता ते सगळं काढून टाक. ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ याचं ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्हड’ होतं, ‘व्हेअर डिड आय लिव्ह’ नाही. आपल्याकडचे सुशिक्षित लोकही इथे चुकतात. हा काही अक्षम्य गुन्हा नव्हे. आयर्लंडच्या बोली इंग्रजीत ‘ही आस्क्ड मी वॉज आय गोइंग’ अशी रचना सर्रास ऐकू येते. प्रमाण लेखनात मात्र ती चालत नाही, आणि आपल्या मुलांना परीक्षेत आणि नोकरीत प्रमाण इंग्रजीच लिहावं लागतं.

आज्ञार्थी वाक्यं तुलनेने सोपी असतात: ‘टोल्ड’, ‘आस्क्ड’, ‘अ‍ॅडव्हाइज्ड’, पुढे ‘टू’ आणि नकार असेल तर ‘नॉट टू’. उद्गारवाचक वाक्यांचा भाग मात्र मी अभ्यासक्रमातून काढून टाकायच्या मताचा आहे. ‘हुर्रा!’चं ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’, ‘अलास!’चं ‘एक्स्क्लेम्ड विथ सॉरो’, ‘येस’चं ‘रिप्लाइड इन द अफर्मेटिव्ह’, ‘सर’चं ‘रिस्पेक्टफुली’. आजच्या इंग्रजीत असं कुणी बोलत नाही आणि चांगला लेखक लिहीतही नाही. त्या जागी खरोखर वापरात असलेली क्रियापदं शिकवावीत. ‘सॉरी, आय अ‍ॅम लेट’ याचं ‘ही अपॉलजाइज्ड फॉर बीइंग लेट’. ‘डोन्ट फर्गेट युअर तिकीट’चं ‘शी रिमाइंडेड मी टू टेक माय तिकीट’. ‘व्हाय डोन्ट वी वॉक?’चं ‘ही सजेस्टेड वॉकिंग’. इथे शब्दाला शब्द ठेवला जात नाही. बोलण्यातून काय साधलं, माफी मागितली की आठवण दिली की सुचवलं, ते सांगितलं जातं. कामाचं इंग्रजी इथून सुरू होतं.

कामाचं म्हणताना सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त डोळ्यांपुढे येतं. शाळा सुटल्यावर अप्रत्यक्ष कथन सर्वांत जास्त भेटतं ते तिथे, कार्यालयातल्या टिपणीत आणि बातमीत. ‘द सेक्रेटरी इन्फॉर्म्ड दॅट द लिफ्ट वुड बी रिपेअर्ड’ असं वाक्य मुंबई-पुण्यातल्या इतिवृत्तांत हमखास सापडतं. यात काळ बरोबर आहे, पण कुणाला कळवलं ते नाही. ‘इन्फॉर्म’ला कर्म लागतं, म्हणून ‘इन्फॉर्म्ड द मेंबर्स दॅट’ हवं. बातमीत तर क्रियापदाची निवड थेट नैतिक बाब ठरते. ‘सेड’ तटस्थ आहे. ‘क्लेम्ड’मध्ये शंका आहे. ‘अ‍ॅडमिटेड’ म्हटलं की बातमीदाराने आरोप खरा धरूनच टाकला. ज्याचं म्हणणं आपण सांगतो त्याच्यावर अन्याय करायला हा एक शब्द पुरतो.

शब्द बोलणाऱ्याचे ठेवायचे की सांगणाऱ्याचे, हा प्रश्न अधिकृत नोंदींतही येतो. ब्रिटिश संसदेच्या वृत्तांतात, म्हणजे हॅन्सार्डमध्ये, एकोणिसाव्या शतकात भाषणं बहुतांशी तृतीयपुरुषी अप्रत्यक्ष रूपात छापली जात. १९०९ पासून संसदेने स्वतःचा अधिकृत वृत्तांत सुरू केला आणि सदस्यांचे शब्द प्रथमपुरुषात, जवळपास जसेच्या तसे येऊ लागले. आपल्या सत्र न्यायालयांत वेगळीच तऱ्हा आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम २७६ नुसार साक्ष सर्वसाधारणपणे निवेदनाच्या रूपात नोंदवायची, आणि न्यायाधीशांना वाटलं तर प्रश्नोत्तराच्या रूपात. १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. वकील विचारतो, ‘तुम्ही त्याला पळताना पाहिलं का?’ साक्षीदार म्हणतो, ‘हो.’ नोंद होते: ‘मी त्याला पळताना पाहिलं.’ साक्षीदार उच्चारला एकच शब्द, बाकीचं वाक्य वकिलाचं. नेमके शब्द महत्त्वाचे असतील तिथे प्रश्नोत्तरं जशीच्या तशी नोंदवण्याची सोय आहे ती यासाठीच.

साहित्याकडे वळलं तर शाळेतली प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष ही दोन खोक्यांची विभागणी टिकतच नाही. अवतरणचिन्हांचा आजचा वापर तसा अलीकडचा. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये संवादाला अवतरणचिन्हं नाहीत, इंग्रजी कादंबरीत ती रुळली अठराव्या शतकात. जेन ऑस्टिनच्या ‘एमा’मध्ये नायिकेचे विचार तिच्याच लयीत, तिच्याच तोऱ्यात येतात, पण ‘शी थॉट दॅट’ न म्हणता, आणि भूतकाळात, तृतीयपुरुषात. भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स बाली यांनी १९१२ मध्ये फ्रेंचमधल्या अशाच शैलीला ‘मुक्त अप्रत्यक्ष’ म्हटलं. डॅनिश व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी १९२४ च्या ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’मध्ये अप्रत्यक्ष कथनाचे दोन प्रकार केले आणि त्यातला दुसरा हाच. महाविद्यालयात इंग्रजी साहित्य घेणाऱ्यांनी तरी हे शाळेच्या धड्याशी जोडून पाहावं, कारण काळाची आणि सर्वनामांची तीच हालचाल इथे कलेच्या कामी येते. बोली इंग्रजी दुसऱ्या टोकाला गेली आहे. १९८० च्या दशकापासून अमेरिकेतली तरुण मुलं ‘ही वॉज लाइक’ म्हणून पुढे मूळ बोलणं जसंच्या तसं, आवाजासकट सांगतात. मराठी माणसाला ते चटकन समजतं. ‘तो म्हणतो कसा’ म्हणून आपणही हेच करतो.

शिकवायचं कसं? महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीला पोचलेल्या मुलाच्या हाताशी दहा वर्षं असतात. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळुरूच्या प्रकल्पात दक्षिणेतल्या साध्या शाळांमध्ये कामांच्या आधारे इंग्रजी शिकवून पाहिलं. नियम आधी न सांगता मुलांपुढे सोडवायला खरी गोष्ट ठेवायची, ही त्यांची दिशा होती. अप्रत्यक्ष कथनाला ती फार सोयीची आहे. एका मुलाने वर्गाबाहेर जाऊन दुसऱ्याला निरोप द्यावा, दुसऱ्याने आत येऊन तो तिसऱ्याला सांगावा, आणि तोच निरोप दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगावा. दोन दिवसांच्या दोन वाक्यांत काय बदललं ते मुलांनीच फळ्यावर मांडावं. तक्ता त्यांच्या हातून तयार होईल, आणि तो कुठे लागू पडत नाही तेही त्यांना कळेल.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे एक मागणी आहे. रूपांतराच्या प्रत्येक वाक्याखाली कोण सांगतंय, कुणाला, कुठून आणि केव्हा, एवढं एका ओळीत छापा. आणि ‘टुमॉरो’ तसंच ठेवणाऱ्या मुलाचं उत्तर त्या ओळीला धरून बरोबर असेल, तर त्याला पूर्ण गुण द्या.